वही भरली, पण पोराला काय आलं?

आज रात्री जेवणे उरकली की एक काम करा. पोराचे किंवा पोरीचे दप्तर पुढे ओढा आणि त्यातली कोणतीही एक वही उघडा. इतिहासाची घ्या, विज्ञानाची घ्या, चालेल. अक्षर बघू नका, लाल शाईची सही बघू नका. त्या पानावर पोराचे स्वतःचे असे काय आहे, एवढेच बघा. प्रश्न पुस्तकातला, उत्तर फळ्यावरचे, खाली गुरुजींची सही. शेजारच्या घरातल्या पोराची वही आणून बाजूला ठेवलीत तर फरक फक्त अक्षराचा निघेल. आता लेकराला वही मिटायला लावा आणि म्हणा, ‘त्या पानावर काय होतं, ते तुझ्या शब्दांत सांग.’ पुष्कळ घरांत गाडी इथेच अडते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जून उजाडला की आपण वह्या घेतो. बी-बियाण्यांची, खतांची जुळवाजुळव चालू असते, हात आखडलेला असतो, तरी वह्यांचा गठ्ठा घरी येतोच. मार्चपर्यंत त्या वह्या भरल्या की आपल्याला बरे वाटते. पोरगं शिकतंय, असा आपला समज होतो. पण खताच्या गोण्या बांधावर उतरल्या म्हणून पीक हाती आले, असे आपण कधी म्हणतो काय? मुळांनी किती उचलले, यावर सगळे असते. वहीचेही तसेच आहे. फळ्यावरून किती उतरले यापेक्षा डोक्यात किती रुजले, हे बघायला हवे.

हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांना वाचता, गणित करता किती येते याची ‘असर’ नावाची पाहणी होते. तिच्या २०२४ सालच्या अहवालानुसार तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुले देशात २७.१ टक्के होती. पाचवीत तोच दुसरीचा मजकूर वाचता येणारी मुले ४८.८ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. या मुलांच्या वह्या कोऱ्या होत्या काय? मुळीच नाही. वाचता न येणारे पोरगेही फळ्यावरची अक्षरे चित्रासारखी बघून उतरवू शकते. त्यात भर म्हणजे आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. त्यात जमले नाही तर फेरपरीक्षा, आणि तिथेही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकते. चार वर्षे उतरवून काढलेल्या वह्यांचा हिशेब पाचवीत असा एकदम पुढ्यात येतो.

कोरी पाने आली आणि गेली

तुमच्या लक्षात असेल, मार्च २०२३ मध्ये शासनाने एक निर्णय घेतला होता. बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने घालायची. दुसरी ते आठवीची पुस्तके चार-चार भागांत आली. धडा किंवा कविता संपली की कोरी पाने, आणि वर मथळा ‘माझी नोंद’. दप्तराचे ओझे कमी व्हावे, ज्यांना वह्या घेणे परवडत नाही त्या लेकरांची सोय व्हावी आणि मुलाने धड्यातले महत्त्वाचे जे वाटेल ते तिथल्या तिथे टिपावे, असा हेतू होता.

हेतू चांगला होता, पण घडले काय? मुले पुस्तकाबरोबर वह्याही नेतच राहिली. ओझे होते तिथेच राहिले. पुष्कळ ठिकाणी ती पाने कोरीच राहिली, काही ठिकाणी त्यांवर पुन्हा प्रश्नोत्तरेच उतरवली गेली. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला आणि २०२५-२६ पासून पुस्तके पुन्हा पूर्वीसारखी, कोऱ्या पानांशिवाय निघू लागली.

यावरून कोणाला दोष देत बसण्यात अर्थ नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कोरे पान दिले म्हणजे ते भरायची रीत आपोआप येत नाही. नांगरलेले रान आणि पेरलेले रान यात फरक असतोच ना? ‘माझी नोंद’ ही कल्पना सोडून देण्यासारखी नव्हती. तिला पद्धत हवी होती. ती पद्धत कशी असते, ते आता बघू.

डावे पान पोराचे, उजवे पान गुरुजींचे

१९९० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या काही शिक्षकांनी इतिहास शिकवताना एक साधी युक्ती रुळवली. टीचर्स करिक्युलम इन्स्टिट्यूट ही त्यांची संस्था. तिने ‘हिस्टरी अलाइव्ह’ या आपल्या कार्यक्रमात ती वापरली आणि नंतर ती इतर विषयांत, इतर शाळांत पसरली. इंग्रजीत तिला ‘इंटरॅक्टिव्ह नोटबुक’ म्हणतात. आपण तिला दोनपानी वही म्हणू.

वही उघडली की दोन पाने समोर येतात. उजव्या पानावर बाहेरून आलेले लिहायचे. गुरुजींनी किंवा बाईंनी सांगितलेले, पुस्तकातले, नकाशा, व्याख्या, सूत्र. डाव्या पानावर मुलाने त्याच गोष्टीचे स्वतः काय केले ते. चित्र काढील, आपल्या शब्दांत चार ओळी लिहील, तक्ता करील, घरी आजोबांना विचारून आलेली माहिती टिपील, स्वतः गणित तयार करून सोडवील, नाहीतर ‘मला हे कळले नाही’ म्हणून प्रश्न लिहील. काही शिक्षक डावे-उजवे उलटे करतात. त्याने काही बिघडत नाही. वर्गात एकच रीत ठरली आणि वर्षभर तीच पाळली म्हणजे झाले.

वहीच्या पहिल्या दोन पानांवर अनुक्रमणिका. प्रत्येक पानाला नंबर. धडा, तारीख, पान. मूल आठ दिवस गैरहजर राहिले तरी कोणते पान रिकामे आहे ते त्याला आणि गुरुजींना लगेच कळते. आपल्याकडे सात-बारा असतो ना, तशीच ही पोराच्या शिकण्याची नोंद.

खर्चाचे म्हणाल, तर ज्यादा काही लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे, पहिली ते पाचवीला २०० दिवस. दोनशे पानी वहीत समोरासमोरच्या पानांच्या जवळपास १०० जोड्या होतात. आठवड्याला दोन-तीन जोड्या भरल्या तरी एका विषयाला एक वही वर्षभर पुरते. आखीव, दुरेघी, चौकटीची, कसलीही चालते. रंगीत कागद, चमकी, छापील चित्रे यांची गरज नाही. पेन्सिल आणि घरच्या पिठाची खळ असली तरी भागते.

डाव्या पानावर लिहायचे काय?

इथे गावातल्या पोरांचे पारडे जड आहे. शहरातल्या मुलाला ज्याचे चित्र शोधावे लागते ते आपल्या पोराच्या अंगणात असते. चार नमुने देतो. ते वाचून तुम्हाला आणखी दहा सुचतील.

पहिला पावसाचा. उजव्या पानावर जलचक्र. बाष्पीभवन, ढग, पाऊस. डाव्या पानावर मुलाने आठ दिवस मोजलेला पाऊस. सपाट तळाचा, सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टीने पाणी मोजायचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे कळले की पुढचे गणित पोरगे करते. वीस बाय दहा फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १८६ लिटर पाणी येते. एकरभर रानावर तेवढाच पाऊस म्हणजे सुमारे ४०,४७० लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या पोराला हा आकडा विसरायला सांगितला तरी तो विसरणार नाही.

दुसरा क्षेत्रफळाचा. उजव्या पानावर लांबी गुणिले रुंदी. डाव्या पानावर गुंठा. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. दोरी घेऊन शाळेच्या मैदानात एक गुंठा आखून बघायचा. मग घरची विहीर, गोठा, अंगण मोजून ते किती गुंठ्यांत बसते ते लिहायचे. वाटणीच्या वेळी मोठी माणसे ज्यावरून भांडतात ते माप पोराला सहावीतच नीट कळेल.

तिसरा शेकडेवारीचा. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवलेले असते. त्यातले १०० दाणे मोजून घ्यायचे. ओल्या वर्तमानपत्रात दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, गुंडाळी करायची, वाळू द्यायची नाही. चार-पाच दिवसांनी उलगडून किती उगवले ते मोजायचे. शंभरपैकी ७४ उगवले तर उगवण ७४ टक्के. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, हे उजव्या पानावर. माझ्या घरच्या बियाण्याची किती आली, हे डाव्या पानावर. ५५ आली तर काय करायचे, हा प्रश्न पोरगे बापाला विचारील. वर्गातले गणित घरच्या पेरणीपर्यंत असे पोचते.

चौथा पट्टीचा. कांद्याची नाहीतर टोमॅटोची पट्टी बाजार समितीतून घरी येते आणि खुंटीला अडकवली जाते. ती पोराच्या डाव्या पानावर चिकटवा. समजा १२ क्विंटल ४० किलो कांदा १,१५० रुपये क्विंटलने गेला. रक्कम झाली १४,२६०. आता हमाली किती, तोलाई किती, मोटारभाडे किती, हातात किती राहिले आणि किलोला काय पडले? ज्या घरातली माणसे पट्टी न वाचताच खिशात घालतात, त्या घरात पट्टी वाचणारे पोर तयार होईल.

भाषेलाही हेच लागू. उजवीकडे म्हणी आणि त्यांचे अर्थ, डावीकडे आजीकडून ऐकून आलेल्या पाच म्हणी आणि त्या ती कधी वापरते ते. इतिहासात उजवीकडे १९७२ चा दुष्काळ, डावीकडे आजोबांनी सांगितलेली त्या वर्षीची हकिकत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली माणसे अजून गावोगाव आहेत. ती आहेत तोवर त्यांचे सांगणे कोणाच्या तरी वहीत उतरले पाहिजे.

हे डोक्यात का राहते?

‘चित्रं काढून आणि गप्पा लिहून मार्क मिळतात काय?’ असे कोणीतरी विचारणारच. विचारलेही पाहिजे.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा नुसता वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर दोघांची परीक्षा घेतली. चार वेळा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी, की पाच मिनिटांनी लगेच विचारले तेव्हा नुसते वाचणारेच पुढे होते. म्हणजे घोकलेले उद्याच्या चाचणीला उपयोगी पडते आणि आठवडा उलटला की गळून जाते. २०१६ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की एखादा शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो जास्त लक्षात राहतो. चित्र चांगले आले नाही तरी चालते.

दोनपानी वहीचे मर्म यातच आहे. उजवे पान झाकून डावे लिहायचे. आठवताना डोक्याला जो ताण पडतो तोच शिकवतो. बैलाला रोज गोठ्यातच चारा घातला तर त्याला रानातली वाट कशी कळणार?

नर्मदेकाठच्या शाळांनी काय केले

‘हे परदेशी खूळ आहे, आपल्या पोरांना झेपणार नाही,’ असे म्हणणाऱ्यांना होशंगाबादचे उदाहरण सांगा. मध्य प्रदेशातला हा जिल्हा, आताचे नाव नर्मदापुरम. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तिथल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवायची नवी रीत सुरू केली. बहुतेक शाळा खेड्यांतल्या, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची. ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक होते, पण त्यात तयार उत्तरे नव्हती. प्रयोग करा, बघा, मोजा, आपसात बोला आणि उत्तर स्वतः आपल्या वहीत लिहा, अशी त्याची धाटणी. पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेने हे काम सांभाळले आणि ते सुमारे हजार शाळांपर्यंत गेले.

आपल्याला घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. तिथल्या परीक्षेत मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवायची मुभा होती. प्रश्नच असे असत, की नुसते उतरवून चालत नसे. ज्याने वर्षभर स्वतः बघून, विचार करून नोंदी केल्या, त्याला त्याची वही उपयोगी पडे. तिथे वही तपासनिसाला खूश करण्यासाठी नव्हती, पोराच्या हातातले ते हत्यार होते. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षे तो खेड्यांतल्या सरकारी शाळांत चालला, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे लांब जायला नको. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये तेव्हाच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. फरशीवर आखणी, हातात साहित्य, मूल स्वतः करून शिकते. ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात या कामाचा बोलबाला झाला. फरशीवर जे मूल स्वतः करते तेच मोठ्या वर्गात गेल्यावर वहीत करू शकते. दोन्हींचे मूळ एकच.

आणि त्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातल्या प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे मांडले होते. शाळेतली अक्षरे आणि घरचे रान यांची गाठ पडावी, हे मागणे जुने आहे. डाव्या पानावर ती गाठ मारता येते.

अडचणी येतील, त्या अशा

पहिली अडचण पालकांची, म्हणजे तुमची-आमची. डाव्या पानावर चुका असतील. अक्षर वाकडे असेल, शब्द चुकलेले असतील, बैलाचे चित्र शेळीसारखे दिसेल. ‘मास्तर तपासतात की नाही?’ म्हणून शाळेत भांडायला जाऊ नका. उजव्या पानावरची चूक दुरुस्त झालीच पाहिजे. डाव्या पानावरची चूक मात्र खोडरबराने पुसू नये. मुलाने ती नंतर स्वतः शेजारी नीट करून लिहावी. पोरगे कुठे अडले होते आणि कसे सुटले, ते त्यावरून दिसते. निदान व्हायचे तर रोग दिसावा लागतो.

दुसरी अडचण तपासणीची. आजवर वह्या किती पाने भरल्या, सह्या आहेत की नाहीत, यावर शेरा पडत आला. गुरुजी तरी काय करणार? साहेब येणार म्हटले की फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून दिली जातात. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी साहेबांना विनंती अशी, की शाळाभेटीत पाच वह्या घ्याव्यात आणि डावी पाने शेजारी शेजारी ठेवावीत. पाचही सारखी निघाली तर ती पुन्हा फळ्यावरूनच आली आहेत. मग एखाद्या मुलाला त्याचे पान समजावून सांगायला लावावे. दोन मिनिटांत खरी तपासणी होते.

तिसरी अडचण वेळेची. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, अशा शाळा आपल्या जिल्ह्यात काय, सगळ्या राज्यात आहेत. उलट अशाच शाळेला ही वही सोयीची पडते. एका वर्गाला गुरुजी शिकवत असताना दुसऱ्या वर्गातली मुले डावे पान करत बसतात. रोज सगळ्या वह्या तपासायची गरज नाही. तीस मुले असतील तर रोज सहा वह्या घ्याव्यात, पाच दिवसांत फेरी पूर्ण होते. सहीबरोबर एकच प्रश्न लिहावा. ‘हा पाऊस शुक्रवारी एवढा का?’ मुलाने त्याचे उत्तर खाली लिहायचे.

चौथी अडचण अशी, की या पद्धतीचाही देखावा होऊ शकतो. कागद कापा, घड्या घाला, चिकटवा, रंगवा, यातच तास जातो आणि विचार राहतो बाजूला. वही नटली, पण पोरगे पुन्हा कोरेच. कापणे-चिकटवणे पाच मिनिटांवर गेले की समजावे, गाडी रस्ता सोडून चालली. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र चित्र आणि त्याखाली एखादी ओळ, एवढेच पुरे.

आणि एक गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलते, ते मार्च-एप्रिलात परत येते. हंगामी वसतिगृहात लेकरू राहिले तर उत्तमच. पण सोबत जावेच लागले, तर शिक्षण हमी पत्रकाबरोबर ही वही जरूर द्या. कारखान्याच्या गावातल्या गुरुजींना दोन-चार पाने चाळली की पोराला काय येते, कुठे अडते ते कळेल. तिथे फडावर बघितलेले, उसाच्या मोळ्या मोजलेल्या, गाडीचे वजन केलेले, हे सगळे डाव्या पानावर येऊ शकते. परत आल्यावर ‘तुझे चार महिने बुडाले’ एवढेच त्याला ऐकावे लागणार नाही.

आता करायचे काय?

आई-बापांनी आठवड्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, दहा मिनिटे काढावीत. वाचता येत नसेल तरी अडत नाही. डावे पान उघडायला लावा आणि म्हणा, ‘हे काय केलंयस, मला सांग.’ पोरगे सांगू लागले की मध्येच एकदा ‘का?’ म्हणा. एवढेच. ज्या माउलीने शाळेची पायरी चढली नाही, तिलाही पोराची ही परीक्षा घेता येते आणि ती कोणत्याही गाईडपेक्षा सरस असते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. गणवेश आणि पोषण आहार यांच्या पलीकडे जाऊन ‘आमची पोरं वहीत स्वतःचं काय लिहितात?’ हे विचारायचा तुमचा हक्क आहे. मात्र एकदम सगळ्या वर्गांत, सगळ्या विषयांत सुरू करा, असा आग्रह धरू नका. चौथी किंवा पाचवीचा एक वर्ग, परिसर अभ्यास किंवा गणित यांपैकी एक विषय आणि एक सत्र. दिवाळीच्या सुट्टीआधी वह्या मांडून बघा. जमले तर पुढच्या सत्रात वाढवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांच्या हातात दोन गोष्टी आहेत. ग्रामपंचायत विकास आराखडा करताना शाळेतल्या प्रत्येक मुलाला दोनशे पानी दोन वह्या आणि वर्गाला एक पर्जन्यमापक, मोजपट्टी, तराजू, एवढी तरतूद धरावी. रंगरंगोटीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दुसरे म्हणजे, गावाची माहिती पोरांना खुली करावी. विहिरींची पाणीपातळी, टाकीची क्षमता, पाणीपट्टीचा हिशेब, लोकसंख्या. मुले विचारायला आली तर हाकलू नका, त्यांचे डावे पान त्यातूनच भरणार आहे. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, यांनी एखाद्या दिवशी शाळेत येऊन सात-बारा कसा वाचायचा ते सांगितले, तर ती पोरे घरी जाऊन बापाचा उतारा वाचून दाखवतील. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची वेळ आली. मोबाइल हातात घेऊन किती जण अडले ते आठवा. आपली नोंद आपण करायची सवय कोणी कधी लावलीच नव्हती. ती सवय दहाव्या वर्षी लागली तर चाळिसाव्या वर्षी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

द्राक्षवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. कोणत्या तारखेला कोणती फवारणी, किती मात्रा, हे लिहिल्याशिवाय माल परदेशी जात नाही. ज्याने नोंद ठेवली त्याला पुढच्या वर्षी कुठे चुकले ते कळते. ज्याने शेजाऱ्याची वही उतरवली त्याला काही कळत नाही, कारण बाग शेजाऱ्याची असते.

शिक्षक बंधू-भगिनींना एवढेच सांगणे, की हे काम तुम्हाला नवे नाही. चांगला शिक्षक पोराला नेहमीच ‘तुला काय वाटतं?’ असे विचारत आला आहे. त्या प्रश्नाला वहीत हक्काची जागा द्या, दर धड्याला एक पान. पालक सोबत आहेत आणि तपासणारे डावे पान बघणार आहेत, असे दिसले तर फळ्यावरची उतरवणी आपोआप कमी होईल.

पुढच्या सोमवारी शाळेत गेलात तर गुरुजींना विचारून बघा, एका वर्गात सुरू करायचे काय?